बोटभर कमी पडलेला दगड

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी पुलावर उभा राहिलो की तुझं अंगण दिसतं. काल तू निळी चादर वाळत घातलीस तेही दिसलं. पण पूल बंद असल्यामुळे हे पत्र डोंगराला वळसा घालून चार दिवसांनी पोचेल.

पुलाची जुनी कमान उतरवून पुन्हा बांधून झाली. पंचवीस तारखेला खालचं लाकडी सेंटरिंग काढायचं, म्हणजे कमान स्वतःच्या बळावर उभी राहील. आमच्या धंद्याची रीत तुला ठाऊक आहे. कमानीवरून पहिल्यांदा गवंड्याच्या घरचं माणूस चालतं. हिला विचारलं, तर म्हणाली, मला गुडघे आहेत. तेव्हा तूच ये. दोन्ही हातांत भरल्या पिशव्या घेऊन आलीस तर परीक्षाही पक्की होईल.

इंजिनिअरसाहेबांनी तपासून सही केली आहे. हे माझं शेवटचं काम. नंतर हातोडी ठेवून देणार.

लोभ पूर्वीइतका असला तरी पुरे.

तुझा,
ठोकळ्या

८ मार्च

चि. ठोकळ्यास अनेक आशीर्वाद.

येईन. पिशव्यांचं वाक्य माझ्या वजनाबद्दल नव्हतं असं समजते.

तुझ्या पत्रात साहेबांची सही आहे, बायकोचे गुडघे आहेत, माझी चादर आहे. कमान पक्की आहे असं मात्र तू कुठेच लिहिलेलं नाहीस. शाळेतही तू नापास झालास की आधी इतरांचे मार्क सांगायचास. काय झालंय?

सगळ्यांना विचारलं आहे म्हणून सांग. उत्तर मात्र तूच दे.

तुझी ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माथ्यावरचा कळीचा दगड, ज्याने सगळी कमान आवळून धरायची, तोच बोटभर कमी भरला. चूक माझी. माप मीच घेतलं होतं. खाणीतून नवा यायला महिना लागतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या फटींत दगडाच्या चिपा ठोकल्या आणि वरून चुना ओढला. साहेबांनी काठीने वाजवून पाहिला, खूश झाले.

पूल बहुधा उभा राहील. बहुधा हा शब्द चाळीस वर्षांत मी स्वतःच्या कामाबद्दल वापरला नव्हता. तू येऊ नकोस. पण तू आली नाहीस तर लोक कारण विचारतील. काय करू ते लिही.

राग आला तरी पत्र टाकत जा.

ठोकळ्या

१७ मार्च

चि. ठोकळ्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सकाळी आलं. लगेच उत्तर लिहायला बसले. साहेबांना सांगून टाक, एवढंच सांगायला चार पानं लागली. ती पोस्टात टाकायला बाहेर पडले, तर पुलाच्या तोंडाशी गर्दी. तू माथ्यावर बसून स्वतःचाच दगड काढत होतास. शेजारी साहेब डोक्याला हात लावून उभे. ती चार पानं आता पाठवत नाही. चांगली जमली होती, वाया गेली.

गर्दीतला शिंपी म्हणाला, म्हाताऱ्या गवंड्याला भ्रम झालेला दिसतो, बसवलेला दगड उपटतोय. त्याला म्हटलं, तो माझा भाऊ आहे. त्याने आपल्या दुकानातून स्टूल आणून दिलं. दगड खाली येईपर्यंत मी बसून होते.

महिना लागो नाहीतर दोन. पिशव्या भरून ठेवते.

तुझी ताई