पाइपाभोवतीची दोन बोटं फट

सुरत
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय सारिकाताईस,
स. जयभीम वि. वि.

इकडे मी खुशाल हाये. तू रागावली की फोनवर मी नुसतं हाव हाव करतो अन् ठेवून देतो, आता काय ते कागदावर सांग. साऱ्या देऊळघाटची पत्रं तुझ्या हातून जातात अन् तुले कोणी लिहीत नाही, असंही बोलली. तं घे, लिहून राह्यलो. अक्षराले हसू नको. आठवीनंतर पेन फक्त भिंतीवर खुणा करायलेच हाती धरला.

मायच्या खोकल्यासाठी गॅसवर चिमणी बसवली ते बरोबरच केलं. पण भिंत फोडली सहा इंची पाइपाच्या मापानं अन् पाइप निघाला चार इंची, ही माही चूक. दुसऱ्या दिवशी बुजवणार होतो. पण सकाळीच इकडं कामावर आणणाऱ्या गाडीवाल्याचा फोन आला, अन् गाडी म्हटली की माहे पाय घरात ठरत नाहीत, तुले माहीत हाये. आता तिथून किडे येऊन राह्यले म्हणता तं सध्या पाइपाच्या भोवती जुनं पोतं कोंब.

इथं अकराव्या मजल्यावर काम चालू हाये. इतक्या वर किडाही येत नाही. चिमणी ओढते का पाहायले आम्ही खालून जाळीले कागद लावतो, चिकटला तं पास. पण त्या फ्लॅटवाल्या बाईचा कागदावर भरवसा नव्हता, तिनं लसणाची फोडणीच टाकली. चिमणीनं सारा वास ओढून बाहेर नेला, माह्या वाट्याले काहीच आलं नाही. तरी पाच मिनिटं मले मायचं स्वयंपाकघरच दिसत होतं. काय सांगत होतो? हां, पोतं.

मायले जयभीम सांग. मले विसरू नका.

तुझा
प्रसेनजित

देऊळघाट
२ ऑक्टोबर २०२४

चि. प्रसेनजित यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पोस्टातल्या गठ्ठ्यात स्वतःचं नाव पाहून मीच दचकले. दोनदा वाचलं, एकदा मायला वाचून दाखवलं. अक्षराला ती हसली, मी नाही.

तुझं पोतं मात्र फसलं रे बाबा. आठ दिवसांत त्यात तेलाचा ओशट उतरला अन् झुरळांनी गाव वसवलं. मायनं चिमट्यानं ओढून ते उकिरड्यावर टाकलं. आता सोयाबीनच्या सोंगण्या चालू आहेत, वावरातले सारे हिरवे किडे ट्यूबलाइटवर येतात अन् नेमके त्या फटीतून. परवा वरणाला जिऱ्याची फोडणी दिली असं मी समजत होते, ते जिरं उडालं. म्हणून माय आता लाइट बंद करून स्वयंपाक करते.

मी शालिग्राम मिस्त्रीला बोलावलं. तो थापी अन् सिमेंट घेऊन आला. मायनं त्याला चहा पाजला, त्याच्या सुनेची चौकशी केली अन् तसाच परत पाठवला. म्हणे, आमच्या प्रसेनच्या धंद्यात ज्यानं भिंत फोडली त्यानंच ती बुजवायची असते, दुसऱ्याचा हात लागला तर नाव खराब होते. हा कायदा तूच तिला शिकवून गेलास ना? आता भोग.

एक सांगू नको म्हणाली होती, तरी सांगते. काल अंधारात तिचा हात तव्याला लागला. तळव्यावर मोठा फोड आला आहे. शेजाऱ्यांनी विचारलं तर वाफ लागली म्हणून सांगते. बारा तारखेला अशोक विजयादशमी आहे, त्या दिवशी ये. दोन तासांचं काम आहे, अन् तुझी वाट पाहणं मात्र दिवसभराचं आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस, अन् आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
सारिका

उदयपूर
१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताईस,
स. जयभीम वि. वि.

रागावू नको. मी निघालोच होतो. इंदूरले एक काम होतं, ते उरकून तिथूनच घरी येणार होतो, खरंच. तिथं एक टोळी भेटली, उदयपूरच्या हॉटेलात सात चिमण्या बसवायच्या म्हणे, अन् तिथं तळं हाये म्हणे, तळ्याच्या मधोमध महाल. मी म्हटलं पाहून येऊ, मग घर तं हायेच. महाल पाहिला. लांबूनच. पाण्यात उलटा दिसते, तेवढंच.

मायच्या हाताचं वाचून जेवण गेलं नाही. आता नीट सांगतो. आधी गरम पाणी अन् सोड्यानं पाइपाभोवतीचा ओशट पुसून काढ, ओशटावर काहीच धरत नाही. मग पाइपाले चांदीसारखी चिकटपट्टी गुंडाळ. मधली जागा सिमेंटानं भर अन् वाळल्यावर कडेनं बोटानं सिलिकॉन फिरव. बाहेर पाइपाच्या तोंडाले झाकणी लाव, चिमणी चालू केली की तिच्या वाऱ्यानं उघडते, बंद केली की पडते. तिथं बारीक जाळी बिलकुल लावू नको, तेलानं बुजते अन् धूर मायच्याच छातीत परत येते.

मिस्त्रीले करू दे. मायले सांग, तो कायदा घरच्यांले लागू नाही. पण खरं सांगू का, मिस्त्रीले तिनं परत पाठवलं हे वाचलं तं मले लय बरं वाटलं. असं वाटायले नाही पाह्यजे, हेही समजते. आठ-दहा दिवसांत येतोच.

तुझा
प्रसेनजित

देऊळघाट
५ नोव्हेंबर २०२४

चि. प्रसेनजित यास,
अ. आशीर्वाद.

आठ-दहा दिवस होऊन गेले. फट बुजली. मिस्त्रीनं नाही, मी नाही.

परवा पोस्टातून आले तर माय स्टुलावर उभी. फोडाच्या हाताला फडकं बांधलेलं, दुसऱ्या हातात थापी. तुझं पत्र मी वाचून दाखवलं होतं, त्यातला एकेक शब्द तिनं ध्यानात ठेवला होता. सोडा, चिकटपट्टी, सिमेंट, सगळं तसंच. सिलिकॉनही मिस्त्रीकडून मागून आणलं. हात इतका सफाईचा की तू असतास तर लाजला असतास. मी विचारलं, काऊन गं माय, तू तर प्रसेनसाठी ठेवली होती ना? तर म्हणाली, पोरगा आला तर दारानं येईल, त्या फटीतून थोडाच येणार आहे.

किडे बंद झाले. ती लाइट लावून स्वयंपाक करते. फक्त एक सांगायचं होतं. तू गेल्यापासून ती रोज एक भाकर जास्त थापायची. सकाळी कुस्करून आम्हीच खायचो. परवापासून मोजून थापते.

तुला बोलावत नाही. जिथं असशील तिथं सुखात राहा.

तुझी
सारिका

उदयपूर
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताईस,
स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र हॉटेलाच्या मागच्या जिन्यात वाचलं. मुकादम दोनदा बोलवायले आला, मी त्याले सांगितलं घरी काम निघालं. मग समजलं की घरी माहं कोणतंच काम उरलं नाही.

ताई, मी कुठंही फिरलो तरी मनात राहे की घरी एक काम बाकी हाये, बाकी हाये तोवर मी तिथलाच हाये. मायनं हात भाजून घेतला तरी मी त्या फटीच्याच भरवशावर फिरत राह्यलो. ते लिहायलेही लाज वाटते, पण तुले नाही लिहिणार तं कोणाले.

उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. इंदूर, मग मलकापूर, अन् राजूरचा घाट चढून बुलडाणा. यावेळी अवजाराची पिशवी सोबत घेत नाही. करायले काही नाही, नुसता येऊन राह्यलो.

हे पत्र कदाचित माह्या मागून येईल. म्हणून उद्या गाडीत बसल्याबरोबर तुले फोन करून हेच सांगीन. मायले सध्या काही सांगू नको. मागं दोनदा सांगितलं अन् आलो नाही.

नाही ताई. फोन आल्याबरोबर सांगून दे तिले. सांगितलं म्हणजे मले रस्त्यात कुठं उतरता येणार नाही.

तुमचाच
प्रसेनजित