लपवलेलं कार्ड

जठारपेठ, अकोला
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

प्रिय गीताताईस,

श्रावणचा नमस्कार. गावी घरचे सगळे बरे आहेत. थंडीमुळे आईचा गुडघा दुखतो, पण ती ऐकत नाही, शेवंती तोडायला जातेच. तुझ्याकडे चिखलदऱ्याला थंडी जास्त असेल. वसतिगृहातल्या मुलींचे स्वेटर आले का? मागच्या वेळी तू म्हणाली होतीस की अजून आले नाहीत.

हे पत्र भागीरथामावशीच्या हाती देतो आहे. ती इथे लेकीकडे आली होती. उद्या सकाळच्या गाडीनं चिखलदऱ्याला भाचीकडे जाईल आणि शनिवारी दुपारी अमरावतीला परत निघेल. मी फोन केला असता, पण तुझा लागत नाही, आणि लागला की मी भलतंच बोलून मोकळा होतो. लिहिताना निदान खोडता येतं.

आपल्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचं वेब पान यंदा आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाकडे आलं, हे तुला माहीत आहे. मालक धर्मेंद्रदादांनी ते माझ्याकडे दिलं. डिप्लोमा अर्धवट सोडलेल्याला एवढं मोठं काम, म्हणून मी फार जपून करत होतो. प्रत्येक मुलामुलीचं एक कार्ड असतं. फोटो, शिक्षण, गाव, नोकरी. कार्डाचे कोपरे किती गोल, सावली किती गडद, हे सगळं सीएसएस नावाच्या, पान सजवायच्या भाषेत लिहावं लागतं. मुलींची कार्डं मी फिकट पिवळी केली होती, शेवंतीसारखी. मंडळाचे सचिव पुंजारामकाका म्हणाले, "हे काय बे, साऱ्या पोरीइले कावीळ झाल्यावानी करून ठेवलं?" मग गुलाबी केली.

कार्डं एकामागून एक सरकावीत, गाव निवडलं की त्याच गावाची दिसावीत, यासाठी तयार प्लगइन मिळतं. दुसऱ्या कुणी लिहून ते नेटवर ठेवलेलं असतं. आपल्या पानात फक्त त्याचा पत्ता द्यायचा. पान उघडलं की ते तिकडून येतं आणि सांगितलेलं काम करतं. काय दाखवायचं आणि काय नाही, हेही त्याला सांगता येतं.

दिवाळीत तू फोनवर म्हणालीस, "श्रावण, माझं नाव त्यात टाकू नको. माझी शपथ आहे." मी म्हणालो, "नाही टाकलं ताई." ते अगदीच खोटं नव्हतं. म्हणजे बघणाऱ्याला दिसत नव्हतं.

नीट लिहितो. तुझा फॉर्म बाबांनी त्याच्या आधीच आणून दिला होता. "टाक," एवढंच म्हणाले. मला त्यांना नाही म्हणता आलं नाही, आणि नंतर तुला हो म्हणता आलं नाही. म्हणून मी कार्ड तयार केलं आणि प्लगइनला सांगितलं की हे एक कार्ड कुणालाही दाखवू नकोस. बाबांच्या फोनवर पाठवलेल्या लिंकच्या शेवटी मात्र एक शब्द जास्त लावला. तो असेल तरच दाखव. बाबांना वाटत होतं की तू साऱ्या विदर्भाला दिसतेस, आणि तुला वाटत होतं की तू त्यात नाहीसच. दोघंही निश्चिंत होते. मी रोज दुकान उघडलं की आधी ते एकच तपासायचो.

काल अमरावतीला मंगल कार्यालयात रविवारच्या मेळाव्याची तयारी होती. स्टेजवर मोठा पडदा लावला होता. बाबाही आले होते. स्टेजच्या तोरणाचं काम आपल्याकडे आहे, म्हणून ते सुतळीला गाठी मारत माप घेत होते. पुंजारामकाका म्हणाले, "लाव रे पोरा, पाहू दे तुई कलाकारी." कार्यालयात नेट येईना. लॅपटॉपमध्ये पानाची प्रत होती, ती मी उघडली. पण प्लगइनचा पत्ता नेटवरचा, ते आलंच नाही. रंगही नेटवरच्याच एका तयार लायब्ररीतून घेतले होते, तीही आली नाही. पडद्यावर सगळी कार्डं उघडीबोडकी, एकाखाली एक. लपवणारं कुणी उरलं नव्हतं. मी बंद करायला हात नेला.

"थांब थांब," काका म्हणाले. "मागं घे. भगवंता, हे तुयी गीता ना?"

बाबांनी वळून पाहिलं. हातात सुतळी तशीच.

"अविवाहित?" काकांनी मोठ्यानं वाचलं. "अरे, हिच्या लग्नात तं मी सोता पंगतीत वाढलं!"

हो ताई. बाबांनी फॉर्ममध्ये अविवाहित लिहिलं होतं. तुझं लग्न नाही, सोडचिठ्ठी नाही, काहीच नाही. आणि मी ते तसंच टाइप केलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासून.

"पोरानं चुकून टाकलं असन," बाबा म्हणाले. "त्याले काय समजते?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. धर्मेंद्रदादा म्हणाले, "काय बे, फॉर्म न वाचताच टाकतं काय?" हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "चुकून नाही दादा. वाचून टाकलं. ताई नको म्हणे, तरी टाकलं."

काकांनी बाबांना बाजूला घेतलं, पण त्यांचा आवाज तुला माहीत आहे. "भगवंता, बाहेरगावचे लोक येतीन. कोणी हो म्हणलं अन् मंग त्याइले समजलं, तं बोल पोरीलेच लागन, तुले नाही. खरं लिहा, नाही तं काढा. शनिवारच्या सांजेपर्यंत सांग मले."

मी बाबांबरोबर स्टँडपर्यंत चालत गेलो. स्टँडजवळ ते म्हणाले, "तू तं म्हणे, साऱ्याइले दिसते."

"नाही बाबा. फक्त तुमाले दिसत होतं."

मला वाटलं मारतील. त्यांनी फोन काढला आणि ती लिंक उघडली. तुझा शेवंतीच्या वाफ्यातला फोटो, लग्नाच्या आधीचा, तू हसतेस तो. "सांजेले पाणी देऊन आलो का तुया मायले दाखवतो," म्हणाले. "दोघं पाहतो. गीता घरी येत नाही ना आता."

"मंग अविवाहित काहून लिहिलं?"

"मले वाटलं, ते लग्नाचं वर्ष झालंच नसतं तं." मग नाक पुसलं आणि म्हणाले, "तिले विचार. ते म्हणन तसं कर. मले नको विचारू." आणि गाडीत चढले.

ताई, आज सकाळी मी ते कार्ड फाईलमधून काढून टाकलं. लपवलं नाही, काढलं. आता नेट असो वा नसो, कुठल्याही लिंकनं ते दिसणार नाही. फोटो बाबांना वेगळा पाठवून दिला आहे.

या कागदाची मागची बाजू मी कोरी ठेवली आहे. तुला मेळाव्यात यायचं असेल तर जे खरं आहे ते स्वतःच्या हातानं लिही. मी एक अक्षरही बदलणार नाही. यायचं नसेल तर कागद कोराच परत पाठव, मी काकांना तसं सांगेन. बाबांना काय सांगायचं तेही मीच सांगेन. कागद परत आलाच नाही, तर तू माझ्याशी बोलत नाहीस असं समजेन. तेही चुकीचं होणार नाही.

शनिवारी संध्याकाळी मी अमरावती स्टँडवर मावशीची वाट पाहत उभा राहीन.

सुरुवातीला "सगळे बरे आहेत" असं लिहिलं आहे. पान स्वच्छ राहावं म्हणून ते खोडलं नाही, पण तू खोडलेलं समज. आई सकाळी फोनवर म्हणाली, बाबा काल जेवले नाहीत.

तुला "नाही टाकलं" म्हणालेला,
तुझा भाऊ
श्रावण