स्टिअरिंगवरची निरगाठ

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे मागे लागले होते, सुजाता, वडिलांबद्दल चार शब्द बोल. माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. आज बोलायचंय, तर ऐकायला तुम्ही नाही. म्हणून हे लिहितेय.

आज तुमच्या ॲम्बेसिडरचा एसी मी उतरवला.

हो, त्याच गाडीचा. सहा वर्षं तुम्ही जिला कुणाला हात लावू दिला नाही, किल्ली कायम सदऱ्याच्या खिशात, झोपताना उशाखाली, ती गाडी. पुण्याच्या एका हौशी माणसानं ती घेतलीय. त्याला इंजिन बाहेर काढून गाडी पहिल्यासारखी करायचीय. बबनकाकांचा फोन आला, "ताई, विंजान काढायचंय. पर आदी एसी उतरावा लागंल. तू येतीस, का दुसरं कोन बगू?" तीस वर्षं तुमच्या हाताखाली काम केलेला माणूस, पण मला विचारताना चाचरत होता. सहा वर्षांत मी एकाही गाडीच्या एसीला हात लावलेला नाही, हे त्यांना माहीत आहे. का लावला नाही, ते अख्ख्या मंचरला माहीत आहे. तुम्हीच तर सांगितलंत सगळ्यांना.

मी म्हटलं, येते.

अण्णा, हा एसी आपण दोघांनी मिळून बसवला होता, आठवतंय? मी आयटीआय करून नुकती बाहेर पडले होते, फ्रिज-एसीच्या वर्गात एकटी मुलगी. तुम्ही म्हणालात, "विंजान माझं, गारवा तुझा." ऊन मी म्हणत होतं त्या दिवसांत. एसी पहिल्यांदा चालू झाला तेव्हा तुम्ही समोरच्या चहावाल्याला हाताला धरून आणलंत आणि मागच्या सीटवर बसवलंत. तो उतरायलाच तयार नव्हता. "माझ्या पोरीनं केलंय," असं तुम्ही त्याला तीनदा सांगितलंत. मी मोजलं होतं.

तेव्हापासून गॅरेजची रीतच पडली. एसीवाल्या गाडीचं इंजिन काढायचं असलं की आधी मी. आतला गॅस काढून घ्यायचा, मग पाइप सोडायचे, पट्टा काढायचा, कॉम्प्रेसर उतरवायचा, रेडिएटरच्या पुढची जाळी काढायची. मग तुम्ही म्हणायचात, "आता हो बाजूला," आणि चेनपुली लावायचात. मी बाजूला व्हायचे. इंजिन वर येताना मी कधी बघितलंच नाही. तेवढ्यात मला चहा टाकायला घरात पाठवलेलं असायचं. याचाही राग आहे, पण तो लहान आहे. आज त्याची पाळी नाही.

लग्न होऊन मी राजुरीला गेले आणि आठवड्यातून दोनच दिवस यायला लागले, तेव्हा चिंधीची युक्ती तुम्हीच काढलीत. "गॅस काडला की स्टेरिंगला चिंदी बांद. चिंदी दिसली तर म्या पाना लावनार. न्हाई दिसली तर हात लावनार न्हाई." आईच्या जुन्या निळ्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवल्या होत्या. मी सुरगाठ मारायचे, एक टोक ओढलं की सुटणारी, कारण तुमचे हात कायम ऑइलचे. तुम्ही हसायचात. "ही काय गाठ हाय? निरगाठ मारावी मानसानं. बैल बांदल्यावानी."

मग तो सोमवार. मी पाचव्या महिन्यात होते, सकाळपासून मळमळत होतं. गॅरेजात दोन गाड्या होत्या. एका गिऱ्हाइकाची जीप आणि आपली ॲम्बेसिडर, जी धूर ओकायला लागली होती म्हणून तुम्ही तिचं इंजिन काढायला घेणार होतात. जीपचा गॅस मी काढला. चिंधी बांधली. पुढे काय केलं? उलटी झाली, आईनं लिंबूपाणी दिलं, एसटी पकडली. ॲम्बेसिडरचं काय केलं? घरी जाऊन तुम्हाला फोन केला की नाही? सहा वर्षं मी हा एक सोमवार उलटासुलटा करून बघतेय.

बुधवारी तुम्ही पाइपाचा नट सोडला आणि आतला सगळा गॅस फस्सकन तुमच्या उजव्या डोळ्यावर आला. तो गॅस लागला की बर्फासारखा भाजतो. बबनकाका स्पेअर पार्ट आणायला गेले होते. ते आले तेव्हा तुम्ही ॲम्बेसिडरच्या ड्रायव्हर सीटवर डोळा दाबून बसला होतात. त्यांनीच बादली आणली, पाणी मारलं, रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, "लगेच पाणी मारत राहिला असता तर थोडी तरी नजर वाचली असती. मधे वेळ गेला." आम्हाला वाटलं, बिचाऱ्यांना घेरी आली असेल, म्हणून सीटवर टेकले.

मी राजुरीहून धावत आले. डोळ्याला पट्टी, आणि तुमचं पहिलं वाक्य काय? "सुजा, चिंदी व्हती. म्या चिंदी बगूनच पाना लावला."

"अण्णा, मी जीपलाच बांधली होती ना?"

"दोनीला व्हती."

मी गॅरेजात जाऊन काचेतून बघितलं. होती. निळी पट्टी, स्टिअरिंगवर. तिथंच जमिनीवर बसले, पोटातल्या बाळासकट.

त्यानंतर तुम्ही काय केलंत, अण्णा? शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं. एक थोबाडीत दिली असतीत तरी चाललं असतं. तुम्ही मला माफ केलंत. चहाच्या टपरीवर माफ केलंत, एसटी स्टँडवर माफ केलंत, भीमाशंकरला जाणारे ड्रायव्हर गाडीला पाणी घालायला थांबले की त्यांच्यासमोर माफ केलंत. "पोटुशी बाय ती. इसरली. लेकरावर काय राग धरायचा?" लोक म्हणायचे, बाप असावा तर असा. माझ्या लेकीच्या बारशाला तुम्ही काळा चष्मा लावून आलात आणि चारचौघांत माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मी रडले. बायकांनी मला समजावलं, अगं, त्यांनी मनावर घेतलं नाही, तू कशाला घेतेस?

आणि मी तुमचे उपकार मानले. खरंच मानले. दर दिवाळीला तुमच्या पाया पडताना मनात एकच असायचं, एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, आणि मी त्याचा डोळा घालवला.

मला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. का देतील? बापाचा डोळा घालवणारी बाई. एकानं तर तोंडावर विचारलं, "ताई, गॅस काडशील ना नक्की? का आमचापन डोळा?" आणि आजूबाजूचे हसले. मी पाना खाली ठेवला तो ठेवलाच. राजुरीत आता मी फ्रिज बघते, डेअरीचे दूध थंड करायचे कूलर बघते. काम आहे, नाही असं नाही. पण प्रत्येक नट सोडायच्या आधी मी तीनदा दाबाचं घड्याळ लावून गॅस बघते. नवरा म्हणतो, एका कुलपाला तू चारदा हात लावून बघतेस. माझा माझ्या हातांवर भरवसा राहिला नाही, अण्णा. धंदा गेल्याचं मी एक वेळ सोसलं असतं.

तर आज सकाळी बबनकाकांनी ताडपत्री ओढली. आईनं तुमच्या सदऱ्यातून काढून ठेवलेली किल्ली दिली. उंदरांनी सीट खाल्ली होती, काचांवर धूळ. बॉनेट उघडून मी आधी पुढची जाळी सोडली. पट्टा वाळून कडक झाला होता, तो हातातच तुटला. कॉम्प्रेसरचे चार बोल्ट गंजलेले. दोन सरळ निघाले, उरलेल्या दोहोंना बबनकाकांनी हातोडीनं समजावलं. तुम्ही सोडलेला तो नट अजून अर्धाच फिरवलेला होता. मी त्याच्याकडे फार वेळ बघितलं नाही. पाना लावला, पाइप काढला, कॉम्प्रेसर उचलून बाहेर ठेवला. हात विसरले नव्हते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग डॅशबोर्डखालची गार हवेची कॉइल काढायला आत बसले. ड्रायव्हरच्या सीटवर, जिथं तुम्ही डोळा दाबून बसला होतात. समोर ती चिंधी. ऊन लागून निळ्याची पांढरी झालेली. म्हटलं, आता तरी सोडू हिला. टोक ओढलं.

सुटेना.

नख लावलं, दातानं ओढायला वाकले, आणि मग नीट बघितलं. अण्णा, निरगाठ होती. दोन वेढे आणि वरून पुन्हा एक, बैल बांधल्यावानी.

मी जन्मात कधी अशी गाठ मारलेली नाही. मला ती येतच नाही.

बबनकाकांनी विचारलं, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्ही परत आलात तेव्हा अण्णा इथं बसले होते ना? ह्या सीटवर?" "व्हय." "दार कुठलं उघडं होतं?" ते आठवून म्हणाले, "ह्येच. म्हनलं बी व्हतं म्या, मालक, नळ तिकडं आन् तुमी हितं काय करताय?" मग त्यांनी चिंधीकडे बघितलं. गाठीकडे बघितलं. तुमच्या हातच्या हजार गाठी त्यांनी सोडल्यात. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

नळ गॅरेजच्या दारापासून दहा पावलांवर होता, अण्णा. खिळा दाराजवळच. डोळा जळत असताना तुम्ही दाराकडे गेलात आणि नळाला वळायच्या ऐवजी खिळ्यावरची चिंधी घेतलीत. परत फिरलात, गाडीचं दार उघडलंत, आत बसलात आणि एका डोळ्यानं निरगाठ मारलीत. डॉक्टर म्हणाले होते मधे वेळ गेला. तो वेळ कुठं गेला ते आज कळलं. तुम्ही तुमचा डोळा दिलात, पण चूक माझ्या नावावर टाकून मगच ओरडलात.

का? आणि चिंधी नसताना पाना तरी का लावलात? चेनपुली नेहमीसारखी एका दिवसासाठी मागून आणली होती म्हणून? मला एक फोन करून "गॅस काढलाय का गं" एवढं विचारायला कमीपणा वाटला म्हणून?

एसी पूर्ण उतरवल्यावर मी चिंधी दुसऱ्या बाजूनं कापली, गाठ शाबूत ठेवून, आणि घरात आईपुढं धरली. "आई, ही गाठ कुणाची?"

आईनं बोटांनी चाचपली. "तुज्या बापाची."

"तुला माहीत होतं?"

"दवाखान्यातच सांगितलं व्हतं त्यांनी."

"आणि तू गप्प बसलीस? सहा वर्षं?"

"मग काय करायचं व्हतं? मिस्त्रीनंच न बगता पाना लावला म्हनलं असतं, तर गॅरेजात कोन आलं असतं? आपल्या वस्तीतलं पयलं गॅरेज. लोकं टपूनच व्हती. तुझं काय, तुला नवऱ्याचं घर व्हतं."

आईला काय विचारायचं? पण तुम्हाला विचारते. वस्तीचं मला समजतं. तुम्हीच शिकवलंत, "आपल्या मानसाला एक चूक परवडत न्हाई, सुजा. दुसऱ्याची इसरत्यात, आपली ध्यानात ठिवत्यात." मग माझी कशी परवडली तुम्हाला? मी वस्तीतली नव्हते? तुमच्या गॅरेजचं नाव राखायला माझं नाव घातलंत, आणि वर माफीसुद्धा देऊन मोकळे झालात.

एकदा तरी सांगायचं होतं. शेवटचे आठ दिवस मी उशाशी होते, चमच्यानं पेज भरवत होते. तुम्ही हात धरून म्हणालात, "तुझ्यावर माझा राग न्हाई गं." तेव्हाही हेच? जाता जातासुद्धा?

परत आले तेव्हा बबनकाकांनी चेनपुली लावून ठेवली होती. मी सवयीनं बाजूला झाले. ते म्हणाले, "ताई, तू वढ." मी चेन ओढली. इंजिन हळूहळू जागेवरून उठलं, एका बाजूला कललं, सरळ झालं, वर आलं. पहिल्यांदा बघितलं मी. छान दिसतं. हे तुम्ही मला आधी दाखवायला हवं होतं.

आता ऐका, अण्णा. मी शब्द देते. उद्यापासून मी पुन्हा गाड्यांचे एसी करणार आहे, इथंच, मंचरमध्ये. ही गाठ दाराजवळच्या त्याच खिळ्याला राहील. कुणी विचारलं की खरं सांगेन, तुमची उणीदुणी न काढता, जेवढं झालं तेवढंच. आणि तुम्हाला माफ करायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी एकट्या तुम्हाला लिहीन. टपरीवर जाऊन सांगणार नाही.

चिंधी न बांधलेली तुमची लेक,
सुजाता