दारात थांबवलेला गुलाल

लेह

आबा, तुमच्या आणि आईच्या पायावर डोकं ठेवतो. हितं थंडी लय हाय, पर मी बरा हाय.

आईच्या पोटाच्या डायलिसिसची पिशवी बदलताना आत्या म्हसवडचा गुलाल घिऊन आली, तर तुमी तिला दारातच थांबवलं, असं आपल्या मायानं फोनवर सांगितलं. देवाचा गुलाल अडवायला छाती लागती, आबा! गुलालाच्या धुळीसंगं नळीतनं शिरलेलं जंतू पोटात चिकटून बसत्यात, मग औषधालाबी हटत न्हाईत.

आत्या रुसली का? आई पोटभर जेवती का?

हे पत्र मुद्दाम ठळक लिवलंय. पोटातनं निघालेल्या पाण्याची पिशवी ह्याच्यावर धरा. पाणी गढूळ हून अक्षरं दिसली न्हाईत, तर आईला तडक सांगलीच्या दवाखान्यात न्या. दिसली, तर तिला रोज वाचून दाखवा.

तुमचाच अमृत