काकूचा रंग

३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या टाकीतला एक मासा आज सकाळी मेला आणि तुझ्या बायकोने नाश्त्याला हात लावला नाही, म्हणून हे पत्र. नुसत्या माशासाठी मी शाई वाया घालवली नसती. समुद्रातल्या तुमच्या तळावरचा फोन जीवावरच्या प्रसंगालाच मिळतो आणि मासा हा तसा प्रसंग नाही, असं तुझा साहेब म्हणणार. शिवाय घरातला फोन तिच्या पलंगाशेजारी आहे. तिच्यासमोर मला हे बोलायचं नाही. रसदीची बोट पोचेल तेव्हा पोचेल.

तिला आठवा लागला. डॉक्टरांनी कूससुद्धा सावकाश बदलायला सांगितली आहे. पडल्या पडल्या करमणूक व्हावी म्हणून टाकी तिच्या पायथ्याशी ठेवायची टूम तुझी. निघताना मला चार्ज दिलास तो असा की दिवा लावायचा, चिमूटभर खाणं घालायचं, थोडं थोडं पाणी बदलायचं. यांच्यात एक गुंड आहे हे सांगायला सोयीस्कर विसरलास. त्या काळ्यानिळ्या नराला तू कौतुकाने कोतवाल म्हणतोस. बाकी सगळ्या पिवळ्या, काळ्या पट्ट्यांच्या माद्या. हा दिवसभर त्यांच्या शेपट्या कुरतडत फिरतो. जी मेली तिचा एक पर धड नव्हता. आता त्या माद्यांतल्या सोनीच्या मागे लागला आहे. ती गाळणीच्या नळीमागे अंग चोरून उभी असते, खात नाही आणि तिचा गळा सुजला आहे. गळू असावं. सगळी नोकरी वॉर्डात गेली, सूज मला कळते.

सोनी जगेल ना, असं तुझ्या बायकोने आज तीनदा विचारलं. माशाचा आणि तिचा काडीचा संबंध नाही, हे मी तिला बजावलं. ती हो म्हणाली आणि पुन्हा टाकीकडे बघत बसली. मागच्या दोन वेळचं मी विसरलेले नाही, तूही नसशील. मला तिचं डोकं शांत हवं आहे. तेवढ्यासाठी मासा जगायला हवा असेल तर तो जगवीन.

तुझ्या उत्तरासाठी थांबणार नाही. कोतवालाला उद्या न्हाणीघरातल्या टबात टाकते.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायला सध्या वेळ नाही.
तुझी ताई

---

३ नोव्हेंबर

प्रिय,

ताई पाणी तापवायला गेल्या आहेत तेवढ्यात लिहिते. सोनीने तोंडात अंडी धरली आहेत! मी डोळ्यांनी पाहिलं. ताईंना सांगितलेलं नाही. कळलं तर म्हणतील की मी त्या माशावर शकुन बघते आणि टाकी उचलून बाहेरच्या खोलीत ठेवतील. बघतेच आहे, खोटं कशाला बोलू? ती तोंड मिटून उभी आहे तोवर मलाही धीर आहे.

ताई फार करतात रे. पण त्या खोलीत आल्या की कोतवालसुद्धा सरळ पोहायला लागतो.

काळजी करू नकोस. मी करते आहे तेवढी दोघांना पुरेल. माया तशीच ठेव, पत्रं मात्र लांब लिही.
तुझीच

---

९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उत्तर नाही. बोट आली नसेल असं समजते.

कोतवाल टबात आहे. त्याला काढल्यावर दोन दिवस टाकी शांत होती. तुझी बायको पोटभर जेवली, मला वाटलं सुटले. तिसऱ्या दिवशी काकूचा पिवळा रंग मळल्यासारखा दिसायला लागला. काकू म्हणजे तुझी ती सगळ्यांत जाड मादी, जिला मी टाकीतली एकच शहाणी बाई समजत होते. आधी दिव्याचा दोष वाटला. आज काकू काळीकुट्ट आहे. मधल्या दगडाखाली तोंडाने वाळू उपसून खड्डा केला आहे. पर ताणून, अंग आडवं करून दुसऱ्यांसमोर थरथरते आणि जवळ येईल त्याला धडक मारते. कोतवाल निदान पाठलाग करून सोडून द्यायचा. ही सोडत नाही. सोनीचा एक डोळा पांढुरका झाला आहे.

काकू बाई नाही, हे आता आंधळ्यालाही दिसेल. वॉर्डात नव्या पोरींना मीच दटावत असे, की ओरडणारा पेशंट थांबू शकतो, गप्प पडलेल्याकडे आधी जा. आणि इथे मी रंगावर गेले.

तुझ्या बायकोचं बीपी काल वर होतं. डॉक्टरांनी काळजीचं कारण विचारलं. मासे, असं सांगायची मला लाज वाटली. उद्या सकाळी सोनीला जाळीने बाहेर काढून ते गळू दाबून बघते. मरायचीच असेल तर प्रयत्न करून मरू दे.

राग पत्रावर काढला आहे, तुझ्यावरचा लोभ शाबूत आहे.
ताई

---

१० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं तीन तारखेचं पत्र आणि हिची चिठ्ठी आजच्या बोटीने एकदम मिळाली. परतीची बोट सुटायच्या आत खरडतो आहे.

सोनीला हात लावू नकोस! ते गळू नाही. या जातीच्या माद्या अंडी तोंडात धरतात. पिल्लं पोहण्याइतकी होईपर्यंत, म्हणजे तीनेक आठवडे, त्या खात नाहीत. घाबरली तर ती सगळं थुंकून टाकेल नाहीतर गिळेल. हे तुला आधी सांगायला हवं होतं. हिने का नाही सांगितलं, ते हिलाच विचार, पण ओरडू नकोस.

कोतवालाला काढलं असशील तर टाकीवर नीट नजर ठेव. मी एकच नर समजतो आहे, पण या जातीत दबलेला नर मार चुकवायला मादीचाच पिवळा रंग घालून बसतो. वरचा गेला की हा काळा पडतो आणि आधीच्यापेक्षा वाईट वागतो. तेव्हा रंग बघू नकोस. दगड कोण अडवतो, आडवा होऊन कोण थरथरतो, ते बघ. तसा कोणी निघाला तर त्यालाच भाजीच्या जाळीदार टोपलीत घालून टाकीतच टांगायचं. मग सगळे दगड हलव, म्हणजे कुणालाच हे माझं घर असं वाटणार नाही. लपायला आणखी जागा कर. मातीच्या फुटक्या कुंड्या चालतात. कोतवालाला सगळ्यांत शेवटी सोड. दगड हलवताना सोनीच्या कोपऱ्याला धक्का लावू नकोस.

पत्र उशिरा पोचेल ही धास्ती आहे. इथे क्रेनवर बसून मी काय करणार?

रागावली असलीस तरी लोभाला कात्री लावू नकोस.
तुझा धाकटा

---

१६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र चौदाला आलं. दहाला सकाळीच मी जाळी पाण्यात घातली होती.

सोनी जाळीत आली आणि मागून माझं मनगट कुणीतरी धरलं. तुझी बायको. पलंगावरून उठून, अनवाणी, भिंतीला धरत आली होती. तिच्या तोंडात पिल्लं आहेत, एवढंच म्हणाली आणि मटकन जमिनीवर बसली. मी जाळी पाण्यात उलटी केली, मासा कुठे गेला तेही पाहिलं नाही, आणि तिला उचललं. दुपारपर्यंत तिच्या ओटीपोटात दुखत होतं. डॉक्टर येऊन गेले. दुखणं थांबलं, पण त्यानंतरही तासभर मी तिची नाडी धरून बसले होते, हे तुला म्हणून लिहिते.

मला का सांगितलं नाहीस, असं नंतर विचारलं. माझी भीती वाटते म्हणाली. आता तिच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसते, दारातून हुकूम सोडत नाही.

तुझ्या सूचना तंतोतंत पाळल्या आहेत. काकू टोपलीत. तिथूनही डोळे वटारते. दगड हलवले, कुंड्या फोडून घातल्या, कोतवाल शेवटी आत गेला आणि दिवसभर बावळटासारखा घर शोधत फिरला. सोनीचा गळा अजून फुगलेला आहे. सगळं थुंकलं की काही राहिलं, ते कळत नाही. आम्ही दोघी बघत असतो. हो, मीसुद्धा.

माया कमी वाटली तर लिहून कळव, खुलासा करीन.
ताई

---

४ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तळावर फोन करून तुला फक्त निघून ये, एवढाच निरोप दिला. वाटेत जीव टांगणीला लागला असेल. त्याला इलाज नव्हता, तुझ्या साहेबाला याहून जास्त सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. घरी कोणी नाही म्हणून घाबरू नकोस. पुढीलप्रमाणे चार्ज देत आहे.

घराची किल्ली: शेजारणीकडून मिळाली असेलच.

टाकी, दिव्यासकट: एक. पाणी परवा बदललं आहे.

कोतवाल: एक, डाव्या कुंडीत. वागणूक सुसह्य.

काकू: एक, टोपलीत. पुन्हा पिवळी पडते आहे, फसू नकोस.

पिवळ्या माद्या: सगळ्या जिवंत.

सोनी: वेगळ्या बरणीत, एका डोळ्याने अधू, खाते आहे.

सोनीची पिल्लं: शेजारच्या बरणीत, अकरा. फार हलतात, एखादं दोनदा मोजलं गेलं असेल.

बायको एक, मुलगी एक: मुलगी थोडी लवकर आली, वजनाने कमी, आवाजाने नाही. या दोघींचा चार्ज दिलेला नाही. हात धुऊन इस्पितळात ये आणि माझ्याकडून समक्ष घे.

ताई