तलावाकाठचे तीन टप्पे

३ फेब्रुवारी १९७८
तलावाकाठच्या उताराचा नकाशा पुरा झाला. वर रस्त्यालगत मोठा ओटा, मधे रुंद पायऱ्या, खाली चिंचांखाली दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळापुरतं मैदान. भिंत नाही, फाटक नाही. कुणीही कुठेही बसावं. स्वतःवरच खूश आहे.

९ फेब्रु.
न.पा. अध्यक्षांनाही आवडला. मग बोट वरच्या ओट्यावर. "हे पाव्हण्यांसाठी ठेवू. कठडा टाकून देजा, ओव्हरसियर." म्हटलं, मग जागा मोकळी कसली? "मोकळीच हाय न! कोनाले नाही म्हनून राहिलो काय?"
कठडा टाकावा लागणार. डोकं तापलं. चहा न पिताच उठलो.

१२ फेब्रु. दिघोरी
मायला नकाशा दाखवला. गावच्या चावडीच्या ओट्यावर ती कधी बसली नाही. आम्ही बौद्ध झालो, तरी ती खालीच उभी राहायची. नकाशातल्या ओट्यावर बोट ठेवून म्हणाली, "अती, या ओट्यावर, मी बसू काय?" बस न, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरेल तेव्हा ये, म्हटलं. कठड्याचं सांगायची हिंमत झाली नाही.

५ नोव्हेंबर
दिवाळीनंतरची मंडई, नव्या जागेवर पहिलीच. माय आली, नवं लुगडं नेसून. कठडा पाहिला अन् खाली चिंचेच्या सावलीत जाऊन बसली. फार वाईट वाटलं.
वर अध्यक्ष, पाहुणे, खुर्च्या. दुपारी दंडार सुरू झाली अन् माझा गाढवपणा उघडा पडला. ओट्याचं तोंड पश्चिमेला, वर एक झाड नाही. ऊन थेट डोळ्यांत. पाहुणे डोक्यावर रुमाल टाकून एकेक करत खाली. एकजण मायला म्हणाले, "बाई, सरका थोडं."
"काहून जी? वरतं खुर्च्या रिकाम्या हायेत न!"
जागची हलली नाही. ते बिचारे शेजारीच मातीत टेकले. थोड्या वेळानं सोंगाड्याला दोघंही हसत होती. माझं लक्ष दंडारीत नव्हतंच.

८ नोव्हें.
अध्यक्षांचा निरोप: ओट्यावर छप्पर हवं, नकाशा आणा.
माय अजून इथेच आहे. विचारलं, टाकू का छप्पर?
"टाक न. सावली कोनाले नको? पन कठडा काढ."
"अन् अध्यक्षांनी नाही म्हटलं तर?"
"तं मी खालीच बरी. त्याइलेच खाली या लागते."
छप्पर रेखाटलं. कठडा खोडला, तरी कागदावर त्याची रेघ दिसते. सकाळी अध्यक्षांकडे जायचं आहे. माय म्हणते, मीही येते.