सही न केलेला विम्याचा कागद

रेनिटा पोरी,

गाडी माझ्या नावावर, म्हणून तू विम्याचा कागद सहीला ठेवलास. मी तो बोट ठेवून वाचला. बिनविम्याच्या माणसाने धडक दिली तर आपल्या विम्याकडूनही भरपाई नको, असं त्यात आपणच लिहून द्यायचं आहे.

मला वाचता येत नव्हतं तेव्हा अशाच कागदावर मी सहीऐवजी फुली मारली. "मारा बाई, हप्ता कमी होईल," एजंट म्हणाला. पुढे तुझ्या आजोबांच्या ट्रकला धडक देणाऱ्याकडे विमाच नव्हता. दवाखान्यापायी कापसाचं शेत गेलं, मग तेही गेले. अजून संध्याकाळी त्यांच्या ट्रकचं दार वाजल्यासारखं वाटतं आणि मी उठून बघते.

सही केली नाही. कागद बदलायला विम्याच्या कचेरीत चालत निघालेय. तोवर गाडीच्या चाव्या माझ्याकडे आहेत. मक्याचा कॉर्नब्रेड ओव्हनमध्ये आहे. चिडलीस तरी आज शेजारच्या मर्टलबरोबर कामाला जा. संध्याकाळी दार वाजेल ते तुझं असू दे.

आजी